तीन नको म्हणून चौथा

५ सप्टेंबर, शुक्रवार

खारटपणा ३५. तापमान २६.५. अमोनिया शून्य. क्लाऊन माशांची जोडी तब्येतीत. काच पुसायला हात घातला तर मादीनं अंगठ्याला चावा घेतला. येऊन सहा आठवडे झाले, टाकी बापजाद्यांची असल्यासारखी वागते.

यादी आज सहाव्यांदा लिहिली. टाकी शंभर लिटरची, समुद्राच्या पाण्याची, आत खडक आणि कोरल. एवढ्याशा जागेत चार मासे म्हणजे डोक्यावरून पाणी. क्लाऊन दोन, आहेत. फायरफिश एक, आणायचा. तीन महिन्यांनी तळाशी राहणारा एखादा गोबी. संपलं. डॅम्सेल नको, दिसायला निळाशार आणि वागायला गावगुंड. टँग नको, त्याला पोहायला रान लागतं. फायरफिशपुढं लाल शाईनं लिहिलं, एकच. लहान टाकीत दोन ठेवले तर एक दुसऱ्याला जगू देत नाही. नर-मादी वरून ओळखता येत नाही. जोडी आणली की वैरी आणले, हे घरी आल्यावर कळतं.

शोभा यादी वाचून म्हणाली, लग्न ठरवताना माझी पत्रिकासुद्धा एवढी बघितली नव्हती तुम्ही.

बघितली असती तर... असो.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की लॅबमधून मान वर काढता येत नाही. त्याआधी टाकी बसायला हवी. सोमवारपासून पितृपंधरवडा, त्यात नवीन जीव घरात आणायचा नाही असं अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, म्हणणं. म्हणजे रविवारीच बारामती.

७ सप्टेंबर, रविवार

हात दाखवून अवलक्षण. दुसरा शब्द नाही.

अक्काचा नवा चष्मा घ्यायचा होता म्हणून तिलाही बरोबर नेलं. चष्मा लावल्यावर रस्त्याकडं बघत राहिली. विसर्जनाचा गुलाल अजून डांबरावर तसाच. मग निसारच्या दुकानात. त्याच्याकडं काचेच्या एका कप्प्यात दोन फायरफिश, मुंबईहून एकत्र आलेले. पुढून पांढरे, मागं शेंदरी, पाठीवर उभा तुरा. दोघं एकमेकांशेजारी गुण्यागोविंदानं. मी म्हटलं, एक दे. निसारनं जाळी घातली.

अक्कानं विचारलं, घरी किती हायती? दोन, मी म्हटलं. आणि हा एक?

"तीन नेऊ नको बाबा. तीन तिगाडा, काम बिगाडा. त्यात पितरांचं दिवस तोंडावर."

मी, पंचवीस वर्षं उसाच्या रसाचं ब्रिक्स, म्हणजे साखर, मोजणारा केमिस्ट, लाल शाईनं 'एकच' लिहिलेली यादी खिशात. आणि मी निसारला म्हटलं, दोन्ही दे.

का, ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या स्वतःशी खोटं बोलायला नको. अक्का चैत्रात आली ती एका पिशवीनिशी. "सहज आले" म्हणाली. पाच महिने झाले. ताटात वाढेल ते खाते, देऊ ते नेसते. या पाच महिन्यांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं. मला नाही म्हणवेना.

निसार म्हणाला, साहेब, छोट्या टाकीत दोन? नशीब असलं तर जोडी निघंल. नशीब! मला कुणी लॅबमध्ये असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला हाकललं असतं.

पाण्याला पाणी जुळवून दुपारी दोघांना सोडलं. दोघंही खडकाखाली. ओळखायला सोपं, एकाचा तुरा टोकाला वाकडा आहे. सरळ तुऱ्याचा तो फा-१, यादीतला. वाकड्या तुऱ्याचा फा-२, जास्तीचा. अक्काला आकडे पटले नाहीत. पण नावंही ठेवली नाहीत तिनं.

८ सप्टेंबर, सोमवार

खारटपणा ३५. सकाळी दोघं बाहेर. फा-१ मधोमध, तुरा वरखाली करत. तो मान देतोय की दम देतोय, हे पुस्तकात बघितलं. दम देतोय.

संध्याकाळी खाणं टाकलं. फा-२ पुढं आला की फा-१ सुसाट अंगावर. तीन वेळा. चौथ्यांदा फा-२ आलाच नाही. अक्का खुर्ची ओढून टाकीसमोर बसली होती. एकदम म्हणाली, "ताटावरनं उठवतोय त्येला." आणि उठून आत गेली. मला वाटलं, पोळ्या करायची वेळ झाली.

९ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी बबनराव आले. अक्काचे दीर. तिचं सासर शेळगाव आमच्या लासुर्ण्याहून जवळच, पण पाच महिन्यांत पहिल्यांदाच हा माणूस दारात. मोटरसायकलला प्लॅस्टिकची फाईल बांधलेली. चहा घेतला, टाकी बघितली, "खाऱ्या पाण्याचं मासं हितं? नवलच हाय," म्हणाले. बोलायला लोणी.

फाईलमध्ये हक्कसोडपत्राचा मसुदा. दाजींच्या वाटणीची जमीन आणि घरातल्या दोन खोल्या, त्यावर अक्काचा काही हक्क नाही, ती राजीखुशीनं सोडते. दाजी जाऊन दीड वर्ष झालं. मूलबाळ नाही. बबनराव म्हणाले, गुरुवारी अठराला दादाचा म्हाळ हाय, वहिनींनी पानाला यायला पायजे. आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरला जाऊन सही उरकून टाकू. "तुमाला तरी का ताप, वहिनी? तुमी आता भावाकडंच ऱ्हाणार."

अक्का दारामागं उभी होती. कागद टाकीच्या टेबलावर ठेवून ते गेले.

जेवताना मी तिला म्हटलं, करून टाक सही. इथं काय कमी आहे तुला? कटकट मिटेल. हे मी म्हटलं. माझ्याच तोंडानं. अक्का म्हणाली, "बघू." शोभानं भाताचं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं.

झोपायच्या आधी तिनं मला सुनावलं. म्हणाली, अक्का इथं हवं तितकं राहू देत, माझं घर दोघींना पुरतं. पण तिचं तिला असू दे. सोड म्हणून सांगणारे तुम्ही कोण?

मला वाटायचं, या दोघींचं आपसात जमत नाही. एका ओट्यावर दोन बायका, रोज काही ना काही कुरबुर चालूच. मला घरात काय चाललंय याची शून्य माहिती आहे असं दिसतं. अमोनियासारखी.

१० सप्टेंबर, बुधवार

फा-२ दिवसभर दिसला नाही. खडकामागं मोटरच्या पाईपजवळ, वरच्या कोपऱ्यात उभा. तिथं प्रवाहाचा मार बसतो, पण फा-१ येत नाही. शेपटीची वरची कड फाटली आहे.

निसारला फोन केला. परत घेशील? म्हणाला, घेईन साहेब, दोघांतला कोणताही आणा, इथं मोठ्या टाकीत ठेवतो. पण धरणार कसा?

खरा प्रश्न तोच. टाकीत सत्तर ठिकाणी भोकं असलेला खडक, त्यावर सहा महिने वाढवलेलं कोरल. मासा धरायचा म्हणजे खडक हलवायचा.

फा-२ ला काढायचं ठरवलं. जास्तीचा तोच. यादी पुन्हा यादीसारखी होईल, आणि तीनच मासे राहिले तरी मी कुणाला मोजू देणार नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी दोन तास लाईट नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप लावला. मोटर बंद, पाणी स्थिर, म्हणजे कोपऱ्यातला प्रवाहही थांबला. फा-१ थेट तिथं. फा-२ पाण्याच्या वर तोंड काढून काचेला घासत होता. मी बाहेरून काचेवर टिचक्या मारत होतो. कसला केमिस्ट, लहान पोर बरं.

अक्का म्हणाली, वरनं झाकण न्हाय का? आहे, पण मागं पाईपसाठी वीतभर फट आहे. उद्या जाळी बसवतो म्हटलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या म्हणालो तिथंच चुकलो.

साडेअकराला लॅबमध्ये शोभाचा फोन. ती शाळेत नोकरीवर होती, तिला अक्काचा फोन आला होता. फा-२ नं उडी मारली.

घरी आल्यावर सगळं कळलं. अक्का डाळ निवडत होती. फरशीवर काहीतरी टप्प झालं. आधी वाटलं पाल. नवा चष्मा डोळ्यावर होता म्हणून दिसलं, भिंतीच्या कडेला, कोळ्याच्या जाळ्यात आणि धुळीत गुंडाळलेला. हात लावायची भीती वाटली. मग तुपाची पळी आणली, ती टाकीतल्या पाण्यात बुडवून भरली आणि पळीत उचलून त्याला सोडलं. किती वेळ बाहेर होता? तिला सांगता येईना. "दोन जपमाळा व्हतील," म्हणाली, मग म्हणाली, न्हाय, तेवढं न्हाय.

जिवंत आहे. तळाशी आडवा पडलेला, गळ्याजवळ हालचाल. फा-१ त्याच्यावरून दोनदा फिरला. क्लाऊनची मादी मध्ये उभी राहिली, कशासाठी कोण जाणे.

मी घाबरलो होतो म्हणून अक्कावर ओरडलो. तुझ्यामुळं झालं, म्हटलं. तीन नको, तीन नको म्हणत होतीस, आता बघ. तिनं पळी घासायला घेतली. घासत राहिली.

हे लिहिताना स्वतःची लाज वाटते. पैज लावून सांगतो, तिनं सांगितलं नसतं तरी मीच एक दिवस दुसरा आणला असता. हौस मला होती.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी उठलो तर टाकीच्या फटीवर जाळी. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, चारी कडांना दोरा घातलेला, पाईपपुरती चीर ठेवून ती वेगळी शिवलेली. अक्कानं पहाटे उठून केलं. मला येत नाही असं शिवायला. थँक्यू म्हणायला गेलो तर म्हणाली, चहा घे.

फा-२ उभा राहिलाय, पुन्हा कोपऱ्यात. पाच दिवस काही खाताना बघितला नाही. खडकावरचं काही टिपत असेल तर देव जाणे.

दुपारी हिंमत करून लहान जाळी घातली. पाच मिनिटांत सगळं पाणी दुधासारखं. वरचा खडक घसरला, हिरव्या कोरलचं एक टोक मोडलं, मादीनं मनगटावर तीन वेळा चावलं. फा-२ कुठल्या भोकात शिरला कळलं नाही. शोभा दारात उभी होती, म्हणाली, बैल गेला आणि झोपा केला ऐकलं होतं, तुम्ही गोठाच पाडायला निघालात.

हसू आलं नाही. आता लिहिताना येतंय थोडं.

अक्का सहज बोलल्यासारखं म्हणाली, म्हाळाला गेले की मी तिकडंच ऱ्हाईन म्हणते. सही केली की भावजी ठेवून घेतील. हितं माझ्या पायानं तुमच्या जिवाला घोर.

ठेवून घेतील! स्वतःच्या घरात. सही कर म्हणून मीच सांगितलं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

खारटपणा ३६, पाणी उडालंय, साधं पाणी घातलं.

अक्काची युक्ती. लहानपणी ओढ्यावर आम्ही मासे धरायचो, कधी तिच्या ओढणीत, कधी बाटलीत. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापायचं, उलटं करून आत बसवायचं. आत जाता येतं, बाहेरची वाट सापडत नाही. मी विसरलो होतो. तिनं विळीवर बाटली कापली, कडा मेणबत्तीवर शेकून गुळगुळीत केल्या. आत खाणं ठेवून मी ती फा-२ च्या कोपऱ्याजवळ तळाशी लावली.

दहा मिनिटांत मासा आत. धावत गेलो. फा-१.

सोडला. पुन्हा लावली. संध्याकाळपर्यंत बघत बसलो. फा-२ बाटलीजवळ आला, तोंडाशी थांबला, फा-१ अंगावर आला, गेला.

१५ सप्टेंबर, सोमवार

कामावरून आलो. बाटलीत पुन्हा फा-१. शिव्या घालत सोडला. अर्थात तोच जाणार. खाणं दिसलं की पुढं तो, टाकीतली मोकळी जागा त्याची, भीती नावाची गोष्ट त्याला माहीत नाही. ज्याला धरायचंय तो भीतीनं बाहेर येत नाही आणि जो बाहेर येतो त्याला धरायचं नाही. असा हा पेच.

बबनरावांचा फोन. शुक्रवारी सकाळी इंदापूरला दहा वाजता, साक्षीदार त्यांनी बघितलेत. वहिनींना सांगा आधार कार्ड घ्या म्हणावं. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर शोभा माझ्याकडं बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आजचं नीट लिहितो.

सहाला घरी आलो. अक्का टाकीसमोर. बाटलीत तिसऱ्यांदा फा-१, गोल गोल फिरत होता. फा-२ कोपऱ्यात, पोट आत गेलेलं. मी बाही वर करून बाटली सोडवायला हात घातला. अक्कानं माझं ओलं मनगट धरलं.

"सोडू नको त्येला."

मी समजावलं. हा यादीतला. धडधाकट, खातोपितो, टाकीत रुळलेला. जास्तीचा तो, कोपऱ्यातला, त्याला काढायचंय. निसार घेतो म्हणालाय.

"मारतंय कोण?"

हा, म्हटलं.

"मग मार खाणाऱ्यानंच का घर सोडायचं?"

पाण्याचे थेंब कोपरावरून फरशीवर पडत होते, ते मी बघत राहिलो. शोभा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

अक्का खुर्चीवर बसली आणि टाकीकडं बघत बोलली. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. "मला जेवत्या ताटावरनं उठवलं, दत्ता. हाताला धरून. हितं तुजं काय न्हाय म्हणाले भावजी." पुढचं तुटक तुटक. चैत्रातली गोष्ट. जाऊबाई खाली बघत वाढत राहिली. त्याच संध्याकाळी तिची ट्रंक गोठ्यात आणि तिच्या दोन्ही खोल्यांत खताची पोती. रात्र गोठ्यात काढली आणि सकाळी पिशवी घेऊन फाट्यावर येऊन उभी राहिली. एस.टी. आली ती लासुर्ण्याची होती म्हणून इथं आली. दुसरीकडची आली असती तर कुठं गेली असती, हे तिला माहीत नाही.

आणि मी पाच महिने समजत होतो, सहज आली.

आठ तारखेचं पान काढून बघितलं. 'ताटावरनं उठवतोय त्येला.' मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. खाली लिहिलंय, पोळ्या करायची वेळ झाली. अमोनिया, खारटपणा, तापमान, सगळं मोजलं मी. बहिणीला विचारलं नाही.

तिच्या पाया पडलो. तिनं डोक्यावर चापट मारली, लहानपणी मारायची तशी. म्हणाली, बाटलीचं पाणी गार व्हईल, आधी त्येला बादलीत सोड.

फा-१ बादलीत. हीटर, हवेचा पंप. ठीक आहे. त्याचा तरी काय दोष, त्याला जागाच कमी दिली मी. बबनरावांना मात्र हे लागू नाही. त्यांना अख्खं शेळगाव मोकळं आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

अर्धी रजा टाकली. डबल पिशवीत फा-१, अक्काच्या मांडीवर. बारामतीपर्यंत पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती, त्याला हिसका बसू नये म्हणून. निसारनं चार फुटी टाकीत सोडला. तिथं मोठे मासे. फा-१ गेला तो थेट खडकाखाली. निसार हसला, म्हणाला, हितं शाना झाला. अक्का हसली नाही. म्हणाली, खायला टाका त्येला आठवणीनं.

परत येताना हार्डवेअरच्या दुकानासमोर थांब म्हणाली. आत जाऊन कुलूप बघितलं. पितळी, वजनदार. चार-पाच हातात घेऊन बघितली, मासे निवडताना मी बघतो त्यापेक्षा जास्त वेळ. मी म्हटलं, अगं पितृपंधरवडा, नवीन वस्तू? म्हणाली, "दार जुनंच हाय."

दोन किल्ल्या. घरी आल्यावर एक शोभाला दिली. शोभानं ती मंगळसूत्राच्या पिनेला अडकवली. त्यांचं काहीतरी आधीच ठरलेलं दिसलं. मला नेहमीप्रमाणे शेवटी कळतं.

मी म्हटलं, उद्या मी येतो बरोबर, बबनरावांशी मी बोलतो. अक्का म्हणाली, नको. तू आलास की ते भांडण दोन पुरुषांचं व्हतंय, आन मी पुन्यांदा भिताडाकडंला. शोभा म्हणाली, मी जाते, स्कूटरवर, तुम्ही मासा बघा.

भीती वाटते. बबनराव गावात वजन असलेला माणूस. म्हाळाची माणसं जमलेली असतील. त्या चार माणसांत त्यांनी पुन्हा हात धरला तर? किंवा सगळ्यांनी मिळून गोडीत घेतलं आणि तिनं सही केली तर? लोणी लावायला त्यांना येतंच. भर पानावर, दाजींचं नाव घेऊन. तिथं तिचा पाय मागं येईल.

फा-२ अजून कोपऱ्यातच. मोकळी टाकी समोर, तरी कोपऱ्यातच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

खारटपणा ३५. तापमान २६.

साडेआठला गेल्या दोघी. अक्कानं हिरव्या काठाचं लुगडं काढलं होतं, चैत्रात आली तेव्हाचं. पिशवीत खिरीसाठी गूळ, खाली कुलूप. मी स्कूटर वळेपर्यंत फाटकात उभा.

साडेनऊ. टाकीचं टेबल पुसलं. खाण्याच्या डब्याखाली बबनरावांचा कागद. अक्कानं तो बरोबर नेला असेल असं वाटलं होतं. उघडून बघितला. सहीची जागा कोरी. कागदाच्या कडेला पाण्याचा डाग वाळून मीठ आलंय. घडी घालून पुन्हा तिथंच ठेवला. बबनरावांकडं दुसरी प्रत असेल, असणारच.

दहा. अकरा. फोन नाही. शोभाला केला, उचलला नाही. लॅबमध्ये फोन करून सांगितलं, आज येत नाही.

साडेअकरा. खाणं टाकलं. क्लाऊननी खाल्लं. फा-२ पाईपमागून निघून खडकापर्यंत आला. ज्या जागी फा-१ थांबायचा त्या जागेच्या अलीकडं थांबला. पुढं मोकळं आहे. त्याला सांगणार कोण. खाण्याचा एक कण त्याच्या तोंडासमोरून वाहत गेला, त्यानं बघितला. खाल्ला नाही. भोकात परत, अर्धा आत, अर्धा बाहेर.

एक वाजला. खुर्ची काचेला टेकवून बसलोय, जेवण गेलं नाही. बारामतीला फोन केला उगाच. निसार म्हणाला फा-१ खातोय, दुसऱ्या माशानं एकदा हुसकला, आता गप.

पावणेदोन. शोभाचा फोन, पण आवाज अक्काचा. मागं माणसांचा गलका, भांड्यांचे आवाज. पानं अजून वाढायची होती. म्हणाली, पोती भाईर काढली. सतरा निघाली. शोभा आन मी, दोघींनी. खोली धुतली.

बबनराव? म्हटलं.

"अंगणात उभं हायती. माणसं बी उभी हायती. बघू."

मी काय करू, येऊ का, असं काहीतरी विचारत होतो. तिनं मध्येच तोडलं. म्हणाली, "त्यानं खाल्लं का?"

खरं तेच सांगितलं. अजून नाही. तोंड बाहेर काढलंय, पुढं येत नाही.

"यील. तू काचेला नाक लावून बसू नको. मागं सर."

फोन तिनं ठेवला की कुणी ठेवायला लावला, कळलं नाही. परत लावला, लागत नाही.

खुर्ची भिंतीपर्यंत मागं घेतली आहे. इथून टाकी पूर्ण दिसते. दोन वाजून दहा मिनिटं.